पुन्हा पुन्हा गुठळ्या किंवा गर्भपात, आणि कारण सापडत नाही? एपीएसचं निदान करून घेताना काय काय करायचं

आधी एक महत्त्वाचं. आत्ता या क्षणी छातीत दुखून दम लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल, बोलताना जीभ जड झाली असेल, एका बाजूचा हात उचलत नसेल, किंवा एकच पाय सुजून गरम आणि दुखरा झाला असेल तर पुढचं काही वाचू नका, सरळ इमर्जन्सीत जा. निदान वगैरे सगळं नंतर.

बाकीच्यांनी निवांत बसा, कारण हे प्रकरण लांबतं. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. माझं निदान व्हायला सहा वर्षं लागली आणि चीड आणणारा भाग हा की पहिला पुरावा पहिल्याच वर्षी माझ्या फाईलमध्ये येऊन पडला होता. एका छोट्या ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं, त्यात एपीटीटी नावाची टेस्ट, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी, लांबलेली आली, आणि मला सांगितलं गेलं की तुमचं रक्त गोठायला वेळ लागतो, जपून राहा, जखम होऊ देऊ नका. मी बिचारी सहा वर्षं सुरी हातात घेतानाही घाबरायचे. आणि मग एक दिवस पोटरीत कळ आली, पाय सुजला, डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) केलं तर आत मोठी गुठळी. रक्त गोठत नाही म्हणून जपणाऱ्या बाईच्या पायात गुठळी! ते जुनं कागदपत्र कोणी परत उघडून बघितलंच नाही, आणि मलाही ते दाखवायचं सुचलं नाही कारण ते "उलट्या" आजाराचं होतं ना.

म्हणून हा लेख. माझा आजार निघाला एपीएस, म्हणजे नको तिथे गुठळ्या करणारा इम्यून सिस्टीमचा आजार. त्याचे तुकडे वेगवेगळ्या डॉक्टरांकडे पडलेले असतात, पायाची गुठळी एकाकडे, गर्भपात दुसरीकडे, मायग्रेन तिसरीकडे, आणि सगळे तुकडे ज्याच्याकडे आहेत असा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. ते एकत्र करून योग्य टेबलावर कसे ठेवायचे तेवढं सांगते.

आधी आजार काय आहे ते थोडक्यात

पूर्ण नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, सगळे एपीएसच म्हणतात. १९८३ मध्ये लंडनमध्ये डॉ. ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं चित्र नीट मांडलं म्हणून जुन्या कागदांवर ह्यूज सिंड्रोम असंही दिसेल. आपली इम्यून सिस्टीम जंतूंवर सोडायच्या अँटिबॉडी स्वतःच्याच रक्तातल्या काही प्रोटीन्सवर सोडते, त्यातलं मुख्य प्रोटीन म्हणजे बीटा-टू ग्लायकोप्रोटीन-वन, जे फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीला चिकटून बसतं. या अँटिबॉडींमुळे रक्तवाहिनीचं आतलं अस्तर आणि प्लेटलेट उगाच चेतवल्या जातात आणि जिथे गरज नाही तिथे गुठळी होते. शिरेत होते, धमनीतही होते, आणि गरोदरपणात वारेवरही याचा परिणाम होतो. काहींना हा एकटाच असतो, काहींना ल्युपसच्या (इम्यून सिस्टीम स्वतःच्याच शरीरावर उलटते असा दुसरा आजार) जोडीने येतो.

संशय कधी घ्यायचा

प्रत्येक गुठळीला एपीएस म्हणायचं नाही हे आधी सांगते, कारण गुठळ्यांची बहुतेक कारणं वेगळीच असतात. लांबचा प्रवास, प्लास्टरमधला पाय, मोठं ऑपरेशन, कॅन्सर, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, सिगारेट. पण खालच्या गोष्टी दिसल्या की मनात घंटा वाजली पाहिजे.

काही ठोस कारण नसताना पायात किंवा फुफ्फुसात गुठळी, विशेषतः वय कमी असताना. पन्नाशीच्या आत स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक, तेही बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल असलं काही नसताना. गुठळी अशा जागी जिथे ती सहसा होत नाही, म्हणजे मेंदूच्या शिरा, लिव्हरच्या शिरा, पोटातल्या शिरा, डोळ्याचा पडदा. एकदा होऊन गेल्यावर परत होणं. आणि बायकांच्या बाबतीत, दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन किंवा जास्त गर्भपात, किंवा दहा आठवड्यांनंतर एकदाही पोटात बाळ जाणं जेव्हा बाळात दोष सापडलेला नाही, किंवा ३४ आठवड्यांच्या आत डिलिव्हरी करावी लागणं कारण बीपी फार वाढलं, प्रीएक्लाम्प्सिया (गरोदरपणातला बीपीचा गंभीर आजार) झाला किंवा वार नीट काम करत नव्हती.

मग काही छोट्या खुणा असतात ज्या एकट्या बघितल्या तर कशाच नाहीत पण वरच्यापैकी कशाच्या तरी सोबत असल्या तर मोलाच्या ठरतात. हातापायाच्या कातडीवर जांभळट जाळीसारखी नक्षी, थंडीत जास्त दिसणारी (सावळ्या रंगावर ती नीट दिसत नाही, उजेडात फोटो काढून ठेवा). प्लेटलेट जरा कमी राहणं. इथे एक गैरसमज फार आहे, प्लेटलेट कमी म्हणजे गुठळी होणार नाही असं अजिबात नाही, एपीएसमध्ये दोन्ही एकत्र असतात. हृदयाच्या झडपा जाड झाल्याचं इकोमध्ये आलेलं असणं. मायग्रेन, विसरभोळेपणा, हातापायांच्या विचित्र अनैच्छिक हालचाली.

आणि दोन खुणा ज्या थेट जुन्या रिपोर्टमध्ये सापडतात. एक माझ्यासारखी, कारण न सापडलेली लांबलेली एपीटीटी. दुसरी, व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येणं. ही टेस्ट सिफिलिसची आहे पण ती करायला जे द्रावण वापरतात त्यात कार्डिओलिपिन असतं, आणि एपीएसवाल्यांच्या अँटिबॉडी नेमक्या त्यालाच धरतात. मग टीपीएचएसारखी पक्की टेस्ट केली की ती निगेटिव्ह येते. गरोदरपणात ही व्हीडीआरएल रुटीनमध्ये होते आणि या एका खोट्या रिपोर्टने किती घरांत नवराबायकोची भांडणं झाली असतील देव जाणे. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर तो कागद लाजून लपवू नका, तोच सगळ्यात उपयोगी निघू शकतो.

फाईल बनवणं, यात सगळ्यात जास्त वेळ घाला

डॉक्टरांना दीडशे पानांची पिशवी दिली तर ते वरची तीन पानं बघतात, त्यांचा दोष नाही. म्हणून एक पान बनवा, फक्त एक, तारखेप्रमाणे. डावीकडे महिना आणि वर्ष, पुढे काय झालं, कुठल्या टेस्टवर सिद्ध झालं, काय औषध दिलं. "पाय सुजला होता" असं नाही लिहायचं, "डाव्या पायात गुठळी, डॉपलरवर दिसली, सहा महिने गोळ्या" असं लिहायचं. या आजारात सिद्ध झालेली गुठळी आणि संशयित गुठळी यात जमीन अस्मानाचा फरक धरतात, त्यामुळे डॉपलर, सीटी, एमआरआय यांचे छापील रिपोर्ट शोधा, फिल्म असेल तर तीही. हरवला असेल तर जिथे केला तिथे जाऊन कॉपी मागा, बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्ड निघतं, फक्त पाठपुरावा करावा लागतो.

त्या प्रत्येक घटनेच्या शेजारी हेही लिहा की तेव्हा आजूबाजूला काय चालू होतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या का, हार्मोनचं काही औषध, आडवं पडून राहणं, ऑपरेशन, लांबचा प्रवास, मोठा ताप किंवा इन्फेक्शन, सिगारेट. तुम्हाला वाटेल यामुळे आपली केस कमजोर होते, डॉक्टर म्हणतील की मग कारण मिळालंच. तसं नाही. कारण असतानाही एपीएस असू शकतो, आणि लपवलेलं नंतर बाहेर आलं की सगळ्याच कहाणीवरचा विश्वास जातो.

गर्भपात झाले असतील तर प्रत्येकाचे आठवडे नेमके लिहा. मला माहितीये हे लिहायला बसणं किती जड जातं, माझी एक मैत्रीण तीन वेळा पेन खाली ठेवून उठली होती. पण नऊ आठवडे आणि अकरा आठवडे या दोन आकड्यांनी डॉक्टरांचा पुढचा सगळा विचार बदलतो, म्हणून सोनोग्राफीचे रिपोर्ट काढून तारीख ताडून बघा, आठवणीवर जाऊ नका. हृदयाचे ठोके दिसले होते का, बाळाची क्रोमोसोमची तपासणी झाली होती का, वारेची तपासणी करायला पाठवली होती का, बीपी किती होतं. जे नाही माहीत तिथे "माहीत नाही" लिहा, अंदाज नको.

शेवटी एक ओळ घरच्यांची, आईवडील भावंडांपैकी कोणाला गुठळी, ल्युपस, थायरॉइड किंवा दुसरा ऑटोइम्यून आजार आहे का. आणि आत्ता चालू असलेली सगळी औषधं डोससकट, यात रक्त पातळ करणारी गोळी कुठली आहे हे ठळक अक्षरात. का ते पुढे येईल.

जुन्या सगळ्या रिपोर्टमधून एपीटीटी आणि प्लेटलेट हे दोन आकडे शोधून एका कोपऱ्यात तारखेसकट मांडा. मी हे केलं त्या दिवशी मला स्वतःलाच कळलं की माझ्या प्लेटलेट चार वर्षं दरवेळी थोड्या कमीच येत होत्या, आणि दरवेळी कोणीतरी म्हटलं होतं की "ठीक आहे, एवढं चालतं".

कोणाकडे जायचं

गुठळ्या हा मुख्य त्रास असेल तर हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर. सांधे दुखणं, तोंडात व्रण, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे असं ल्युपससारखं काही असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांचे आणि ऑटोइम्यून आजारांचे डॉक्टर. गर्भपातांचा प्रश्न असेल तर हाय रिस्क प्रेग्नन्सी बघणारे गायनॅकॉलॉजिस्ट, पण त्यांच्या जोडीला वरच्या दोघांपैकी एक हवाच. स्ट्रोक झालेल्यांचं न्यूरॉलॉजिस्टकडे चालूच असतं, त्यांनाच विचारा की अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी तपासल्या आहेत का. फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन गेलात तर बरं, चिठ्ठीत घटना लिहिलेल्या असल्या की काम सोपं होतं.

तिथे गेल्यावर "मला एपीएस आहे असं मी वाचलंय" ने सुरुवात करू नका, माझा अनुभव आहे, समोरच्याचा चेहरा बंद होतो. ते एक पान पुढे ठेवा आणि विचारा, हे सगळं एकाच कारणाने होत असेल का, आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी तपासून बघू या का. बस्स.

तीन टेस्ट, तिन्ही हव्यात

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. एपीएसची अशी एक टेस्ट नाही. तीन आहेत आणि एकच करून "निगेटिव्ह आली, विषय संपला" म्हणणं बरोबर नाही.

पहिली, अँटिकार्डिओलिपिन अँटिबॉडी, आयजीजी आणि आयजीएम असे दोन प्रकार. दुसरी, अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन-वन, तिचेही आयजीजी आणि आयजीएम. या दोन्हींत रक्तातल्या अँटिबॉडी मोजतात, आकडा येतो.

तिसरी म्हणजे ल्युपस अँटिकोआग्युलंट, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याला साष्टांग नमस्कार. १९७२ पासून हे नाव चालत आलंय आणि दोन्ही बाजूंनी फसवं आहे. ल्युपस नसलेल्या ढीगभर लोकांत हे सापडतं, आणि अँटिकोआग्युलंट म्हणजे गोठू न देणारं, तर शरीरात हे नेमकं उलट वागतं. मग हे नाव का पडलं, तर टेस्ट ट्यूबमध्ये रक्त गोठायला जी फॉस्फोलिपिड लागतात तीच या अँटिबॉडी अडवून धरतात, त्यामुळे ट्यूबमध्ये गोठायला उशीर होतो. शरीरात गुठळ्या, काचेत उशीर. माझी ती लांबलेली एपीटीटी हीच होती.

ही तिसरी टेस्ट आकडा मोजणारी नाही, प्रत्यक्ष प्लाझ्मात (रक्तपेशी काढल्यावर उरणारा पातळ भाग) गुठळी व्हायला किती वेळ लागतो ते बघणारी आहे, आणि दोन वेगळ्या पद्धतींनी करतात. एक खास संवेदनशील एपीटीटी, आणि दुसरी डीआरव्हीव्हीटी, ज्यात चक्क घोणस सापाचं पातळ केलेलं विष वापरतात. घोणस चावली की रक्ताची गोठण्याची यंत्रणा बिघडते ना, त्याच विषातला एक घटक गोठण्याच्या साखळीतला दहावा फॅक्टर थेट सुरू करतो, म्हणून लॅबला तो कामाचा. मला हे कळलं तेव्हा आजार विसरून मी दोन दिवस लोकांना हेच सांगत होते.

या टेस्टच्या तीन पायऱ्या असतात. आधी बघतात वेळ लांबतोय का. लांबत असेल तर तुमच्या प्लाझ्मात निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळून परत बघतात, गाडी सुरळीत झाली तर तुमच्यात एखादा फॅक्टर कमी होता, आणि तरीही अडली तर कोणीतरी अडवणारं आत बसलंय. मग शेवटी जास्तीचं फॉस्फोलिपिड घालतात, त्याने वेळ कमी झाला की अडवणारा ल्युपस अँटिकोआग्युलंटच हे पक्कं. रिपोर्टवर या पायऱ्यांचा उल्लेख नसेल, नुसतं "पॉझिटिव्ह" असेल, तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

रक्त कधी द्यायचं, इथे सगळ्यात जास्त चुका होतात

रक्त पातळ करणारी औषधं ल्युपस अँटिकोआग्युलंटच्या टेस्टमध्ये लुडबूड करतात. वॉरफरिन, हेपरिन, आणि नवीन गोळ्या म्हणजे रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन, डॅबिगाट्रान. विशेषतः रिव्हारोक्साबॅन चालू असताना डीआरव्हीव्हीटी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. बाकीच्या दोन अँटिबॉडी टेस्टना या औषधांचा फरक पडत नाही, त्या कधीही करता येतात.

आता नीट वाचा. याचा अर्थ टेस्टसाठी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची असा नाही. अजिबात नाही. ताजी गुठळी असताना गोळी थांबवणं म्हणजे जीवाशी खेळ. डॉक्टर ठरवतात की काही दिवस औषध बदलायचं, की गोळीचा डोस घ्यायच्या अगदी आधी रक्त काढायचं, की लॅबने औषधाचा अंश काढून टाकणारा उपाय वापरायचा, की आत्ता फक्त दोन टेस्ट करून तिसरी नंतर बघायची. तुमचं काम एवढंच की लॅबच्या फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला हे लिहिलं जाईल. हे लिहिलेलंच नसतं बऱ्याचदा! माझ्या पहिल्या टेस्टच्या वेळी वॉरफरिन चालू होतं, फॉर्मवर काही नव्हतं, आणि तो रिपोर्ट शेवटी कोणाच्याच कामाचा ठरला नाही.

दुसरं, गुठळी होऊन हॉस्पिटलमध्ये आहात, अंगात सूज, ताप, तेव्हाचा ल्युपस अँटिकोआग्युलंटचा रिपोर्ट दोन्हीकडे चुकू शकतो. सीआरपी (अंगातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रोटीन) खूप वाढलेलं असेल तर काही एपीटीटी पद्धती खोट्या पॉझिटिव्ह येतात, आणि आठवा फॅक्टर वाढलेला असेल तर खरं पॉझिटिव्ह लपून जातं. गरोदरपणातही असा झाकला जाण्याचा प्रकार होतो. तेव्हा तेवढ्या एका कागदावर कायमचा शिक्का मारून घेऊ नका, ना होकाराचा ना नकाराचा.

तिसरं, इन्फेक्शन. बऱ्याच इन्फेक्शननंतर या अँटिबॉडी थोड्या काळासाठी येतात आणि निघून जातात, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, सिफिलिस, कोविड, अशा अनेकांत दिसल्या आहेत. नुकतं काही होऊन गेलं असेल तर सांगा.

आणि एक अगदी साधी गोष्ट. ल्युपस अँटिकोआग्युलंटसाठी फिकट निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त घेतात, ती खुणेपर्यंत भरलेली लागते, आणि प्लाझ्मा वेळेत, साधारण चार तासांच्या आत, मशीनमध्ये दोनदा फिरवून वेगळा करावा लागतो म्हणजे त्यात प्लेटलेट उरत नाहीत. उरल्या तर त्यांचं फॉस्फोलिपिडच अँटिबॉडी गिळून टाकतं आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह. म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्यांपेक्षा जिथे टेस्ट होते त्या लॅबमध्ये जाऊन रक्त द्या, शक्य असेल तर.

बारा आठवडे

एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणजे झालं असं नाही. कमीत कमी बारा आठवड्यांनी परत तपासायचं आणि तेव्हाही पॉझिटिव्ह आलं पाहिजे, कारण वर सांगितल्याप्रमाणे इन्फेक्शनच्या अँटिबॉडी मधल्या काळात ओसरतात. पूर्वी सहा आठवडे धरायचे, एपीएस कशाला म्हणायचं याच्या २००६ च्या निकषांत बारा केले.

हा काळ वाईट असतो, खरं सांगते. ना आजारी ना बरे. पण बारा आठवडे थांबायचं ते निदानाचं नाव लिहायला, उपचार थांबत नाहीत. गुठळी झाली असेल तर तिची औषधं चालूच राहतात. या काळात कोणी म्हणालं की रिपोर्ट कन्फर्म होईपर्यंत गोळी बंद ठेवू, तर तिथल्या तिथे दुसरं मत घ्या. या काळात गरोदर राहिलात तर लगेच डॉक्टरांना कळवा, कारण वॉरफरिन बाळाला घातक असतं, ते बदलावं लागतं. आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील तर त्याबद्दल आजच विचारा.

दुसरी टेस्ट शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, त्याच पद्धतीने. वेगळ्या लॅबची युनिट आणि मर्यादा वेगळ्या असतात, एकीकडचे ३५ आणि दुसरीकडचे ३५ सारखे असतीलच असं नाही. मोबाईलमध्ये आजच अलार्म लावा, बारा आठवड्यांनंतरच्या आठवड्याचा. मी लावला नव्हता, पाच महिने गेले.

रिपोर्ट हातात आल्यावर

लाल अक्षरात "हाय" दिसलं की पोटात गोळा येतो, पण जरा थांबा. अँटिकार्डिओलिपिनमध्ये साधारण ४० युनिटच्या वरचा आकडा गंभीरपणे घेतात, ८० च्या वर म्हणजे जास्त. थोडासाच वाढलेला आकडा, त्यातही नुसता आयजीएम, याला फार वजन नसतं, ठणठणीत लोकांपैकीही काहींच्या रक्तात अशा अँटिबॉडी थोड्याफार सापडतात आणि त्यांना आयुष्यात काही होत नाही. आयजीजी जास्त महत्त्वाचा. ल्युपस अँटिकोआग्युलंट पॉझिटिव्ह हे गुठळीच्या धोक्याच्या दृष्टीने सगळ्यात वजनदार. आणि तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह असतील, त्याला ट्रिपल पॉझिटिव्ह म्हणतात, तर धोका सगळ्यात जास्त, हा शब्द लक्षात ठेवा कारण पुढे औषध निवडताना तो लागतो.

अँटिबॉडी आहेत पण घटना एकही नाही, तर त्याला एपीएस म्हणत नाहीत. तुम्ही फक्त अँटिबॉडी बाळगणारे. तरी डॉक्टरांशी बोला, काहींना कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात, आणि सिगारेट सोडणं, ऑपरेशन किंवा बाळंतपणाच्या वेळी काळजी घेणं हे लागतंच.

आता निकषांबद्दल, कारण इंटरनेटवर वाचून लोक स्वतःला नापास करून घेतात. १९९९, मग २००६, आणि आता २०२३ मध्ये नवे निकष आले, त्यात मार्क देतात, घटनांचे तीन आणि टेस्टचे तीन मार्क मिळाले तर तुम्ही त्यात बसता. २०२३ वाले बरेच कडक आहेत, नुसते दहा आठवड्यांच्या आतले गर्भपात किंवा नुसता आयजीएम असेल तर एकच मार्क. पण हे निकष संशोधनात एकसारखे पेशंट निवडता यावेत म्हणून केलेत, तुमच्यावर उपचार करायचे की नाही याची ती परीक्षा नव्हे. समोरचा डॉक्टर तुमची पूर्ण कहाणी बघून निकषात न बसणाऱ्यालाही एपीएस समजून उपचार करू शकतो, आणि करतातही. कोणी तुम्हाला फक्त मार्क मोजून परत पाठवत असेल तर हा फरक नम्रपणे विचारा.

सगळं निगेटिव्ह आलं तर

तर आधी बघा टेस्ट कधी आणि कशी झाली होती, वरचं सगळं आठवून. चुकीच्या वेळी झाली असेल तर परत करण्याबद्दल विचारा. नीट झाली असेल आणि निगेटिव्हच असेल तर बऱ्याचदा उत्तर दुसरं असतं, आणि ते शोधणं तितकंच महत्त्वाचं. गोठण्याच्या यंत्रणेतले दोष, म्हणजे फॅक्टर फाइव्ह लायडेन, प्रोथ्रॉम्बिन जीनमधला बदल, प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन यांची कमतरता, विचित्र जागी गुठळी असेल तर जेएके-टू आणि पीएनएच या रक्तपेशींच्या आजारांच्या टेस्ट, आणि वयाप्रमाणे कॅन्सरची तपासणी. यातल्या प्रोटीन सी आणि एसची पातळी वॉरफरिनमुळे कमी दिसते, म्हणजे पुन्हा तोच वेळेचा घोळ. डी-डायमर वाढलंय म्हणून एपीएस असंही नसतं, ती गुठळीची टेस्ट आहे, तिच्या कारणाची नाही.

सेरोनिगेटिव्ह एपीएस असाही शब्द ऐकायला मिळेल, म्हणजे लक्षणं तंतोतंत आणि टेस्ट निगेटिव्ह. काही डॉक्टर मानतात, काही नाही. माझं मत विचाराल तर या शब्दाला धरून बसू नका, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने टेस्ट परत करा, पण दुसरी कारणं तोपर्यंत नीट तपासून घ्या.

निदान झालं, मग लगेच काय विचारायचं

ल्युपसची तपासणी झाली का, म्हणजे एएनए, डीएस-डीएनए, कॉम्प्लिमेंट, लघवीतलं प्रोटीन. हृदयाचा इको. किडनी.

औषध कुठलं आणि का. शिरेतली गुठळी झालेल्या एपीएसमध्ये सहसा वॉरफरिन देतात आणि आयएनआर (वॉरफरिनने रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवतात. नवीन गोळ्या सोप्या, रक्त तपासत बसावं लागत नाही, म्हणून सगळ्यांना त्या हव्या असतात, मलाही हव्या होत्या. पण ट्रिपल पॉझिटिव्ह लोकांवर रिव्हारोक्साबॅन आणि वॉरफरिनची तुलना करणारी ट्रॅप्स नावाची ट्रायल मुदतीआधी थांबवावी लागली, कारण रिव्हारोक्साबॅनवाल्यांना स्ट्रोक आणि हार्ट अटॅक जास्त झाले, त्याचे निकाल २०१८ मध्ये आले. तेव्हा तुम्ही ट्रिपल पॉझिटिव्ह असाल किंवा धमनीतली गुठळी झाली असेल आणि हातात नवीन गोळीची चिठ्ठी असेल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. घरी बोटाला टोचून आयएनआर बघायचं मशीन घेणार असाल तर आधी लॅबच्या आकड्याशी ताडून बघा, ल्युपस अँटिकोआग्युलंट असलेल्यांत ते मशीन चुकीचा आकडा दाखवू शकतं.

बाळाचा विचार असेल तर गरोदर राहायच्या आधी भेटा, नंतर नाही. कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शनं यावर बऱ्याच जणींची बाळंतपणं नीट पार पडतात, फक्त ते सगळं आधीपासून ठरवलेलं लागतं, आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडेही गुठळीचा धोका असतो म्हणून इंजेक्शनं लगेच बंद करत नाहीत.

कुठलंही ऑपरेशन, अगदी दाढ काढायची असली तरी, सांगितल्याशिवाय करू नका. रक्त पातळ करणारं औषध किती दिवस थांबवायचं हे दाताच्या डॉक्टरांनी एकट्याने ठरवायचं नाही, आणि तुम्ही तर नाहीच. अगदी थोड्या पेशंटमध्ये एका आठवड्याच्या आत तीन किंवा जास्त अवयवांत एकदम गुठळ्या होतात, त्याला कॅटास्ट्रॉफिक एपीएस म्हणतात, आणि इन्फेक्शन, ऑपरेशन किंवा मध्येच औषध थांबवणं ही त्याची ओळखीची कारणं आहेत. घाबरवायला सांगत नाही, औषध का थांबवू नये ते पटावं म्हणून सांगतेय.

आणि ते एक पान. निदान झालं की त्याच्या डोक्यावर आजाराचं नाव, तिन्ही टेस्टचे दोन्ही वेळचे आकडे आणि तारखा, चालू औषध आणि आयएनआरचं टार्गेट लिहा, फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवा. माझ्या पानाच्या तळाशी मी एक ओळ लाल पेनने घातली आहे, "एपीटीटी लांबलेली दिसेल, रक्तस्रावाचा आजार नाही, गुठळीचा आहे."